ॲनिमेशन आणि डिजिटल आर्टमध्ये करिअर: मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनिमेशनमध्ये जायचं म्हणजे नेमकं कोणतं काम करायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागतो. फी, कोर्स, कॉम्प्युटर हे सगळं याच उत्तरावर ठरतं. एका शॉटवर दहा-बारा प्रकारची माणसं काम करतात. गोष्ट चौकटींमध्ये मांडणारा स्टोरीबोर्ड आर्टिस्ट, पात्रं आणि जागा आखणारा कॉन्सेप्ट आर्टिस्ट, थ्री-डीमध्ये आकार घडवणारा मॉडेलर, त्यावर कातडी, गंज, कापड चढवणारा टेक्स्चर आर्टिस्ट, पात्राच्या आत हाडं आणि कंट्रोल बसवणारा रिगर, त्या कंट्रोलनी पात्र हलवणारा ॲनिमेटर, मग लाइटिंग आणि शेवटी सगळे थर एकत्र करणारा कॉम्पोझिटर. आग, धूर, पाणी हे एफएक्स आर्टिस्टचं काम. खऱ्या चित्रीकरणावर काम करायचं असेल तर रोटो (माणूस किंवा वस्तू पार्श्वभूमीपासून कापणं), पेंट (नको ते पुसणं) आणि मॅचमूव्ह (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल थ्री-डीत जुळवणं) हे विभाग वेगळे.

‘मला ॲनिमेशन आवडतं’ म्हणणाऱ्या मुलाला पुष्कळदा पात्रं रेखाटायला आवडत असतात. म्हणजे त्याचा ओढा कॉन्सेप्ट आर्टकडे असतो, ॲनिमेटरच्या कामाकडे नाही. ॲनिमेटर दिवसभर हालचालीचा विचार करतो: वजन कुठे आहे, हात आधी निघतो की खांदा. हा फरक दहावी-बारावीतच समजला तर पुढची दोन वर्षं वाया जात नाहीत.

मुंबईत कामाचे मोठे ओघ तीन आहेत: चित्रपट आणि मालिकांचं व्हीएफएक्स (चित्रीकरणात कॉम्प्युटरने केलेले बदल), जाहिरातींचं पोस्ट प्रॉडक्शन आणि मोशन ग्राफिक्स (हलती अक्षरं आणि आकृत्या), आणि मुलांच्या वाहिन्यांसाठीचं टू-डी ॲनिमेशन. बहुतेक स्टुडिओ अंधेरी, गोरेगाव, मालाड या पट्ट्यात आहेत.

चित्रकला चांगली नसेल तर हे क्षेत्र सोडून द्यावं का?

सोडू नका, पण विभाग विचारपूर्वक निवडा. टू-डी ॲनिमेशन, स्टोरीबोर्ड आणि कॉन्सेप्ट आर्ट यांत चित्रकलेला पर्याय नाही. रिगिंगला शरीररचनेची समज लागते आणि थोडी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा यावी लागते. एफएक्समध्ये गणित आणि भौतिकशास्त्राची आवड असलेली मुलं पुढे जातात. कॉम्पोझिटिंगला फोटोग्राफीची नजर हवी: प्रकाश कुठून येतो, सावलीची किनार किती मऊ आहे, दूरची वस्तू किती फिकी दिसते.

तरीही कोणत्याही विभागात जाणार असाल तरी रोज अर्धा तास पेन्सिल चालवाच. आम्ही यावर अडून बसतो, कारण चित्र काढताना डोळ्याला मोजमाप करायची सवय लागते आणि पुढे शॉटमधली चूक त्याच सवयीने पकडता येते.

मुलगी आठवीत आहे. आतापासून काय करावं?

राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन या चारही गोष्टी पुढे थेट उपयोगी पडतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, तेवढ्यासाठी पुष्कळ जण बसतात. खरा फायदा स्मरणचित्राचा आहे. समोर काही नसताना गर्दीतली माणसं वेगवेगळ्या अंगस्थितीत उभी करणं म्हणजेच स्टोरीबोर्डचा पाया.

या वयात महागडं सॉफ्टवेअर शिकवणारे क्लास लावू नका. वहीच्या कोपऱ्यात फ्लिपबुक काढू द्या.

बारावीला कोणती शाखा घ्यावी, आणि कोणत्या प्रवेश परीक्षा असतात?

शाखेची अट बहुतेक ठिकाणी नाही. कला, वाणिज्य, विज्ञान काहीही चालतं. एफएक्स, रिगिंग किंवा गेमकडे कल असेल तर गणित सोडू नका.

पवईच्या आयआयटीतलं आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन १९६९ पासून आहे. तिथल्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड परीक्षा असते. अर्ज साधारण ऑक्टोबरमध्ये, परीक्षा जानेवारीत. तीन तासांच्या या परीक्षेचा एक भाग कॉम्प्युटरवर आणि दुसरा हाताने चित्र काढून सोडवायचा असतो. लागोपाठच्या दोन वर्षांतच ती देता येते, त्यामुळे तयारी न करता ‘बघू तरी’ म्हणून पहिला प्रयत्न घालवू नका. पदवीनंतर तिथेच ॲनिमेशनमध्ये एम.डेस. आहे, त्यासाठी सीड ही वेगळी परीक्षा. अहमदाबादच्या एनआयडीत ॲनिमेशन फिल्म डिझाइन आहे, तिथे डॅट परीक्षेतून जावं लागतं.

बीएफए या ललित कलेच्या पदवीसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची एएसी सीईटी असते: वस्तुचित्र, स्मरणचित्र, डिझाइन प्रॅक्टिकल आणि सामान्यज्ञान. सीएसएमटीजवळच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची. आता जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे, म्हणून तिथल्या प्रवेशाचे चालू वर्षाचे नियम त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा, क्लासवाल्यांच्या पत्रकावर नको. उपयोजित कला घेतलेली बरीच मुलं ॲनिमेशनमध्ये येतात आणि रचना, अक्षर, रंग यांत ती पक्की असतात.

२०२५ मध्ये पेडर रोडवर राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) आवारात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, तिचं कायमचं आवार गोरेगावच्या फिल्मसिटीत व्हायचं आहे. नवी संस्था असली की अभ्यासक्रमाइतकंच शिकवणारे कोण आहेत हे बघायचं असतं.

पदवी घ्यावी की दीड-दोन वर्षांचा खासगी कोर्स?

भारतातल्या स्टुडिओत आर्टिस्ट म्हणून उमेदवाराला निवडताना आधी शोरील, म्हणजे त्याच्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ, बघतात. पदवीचा उपयोग वेगळा आहे. परदेशात कामाचा व्हिसा, पुढचं शिक्षण, कॉलेजात शिकवण्याची नोकरी या तिन्ही ठिकाणी ती मागतात, आणि मंदीत दुसऱ्या क्षेत्रात जाता येतं ते वेगळंच. घरची परिस्थिती बेताची असेल तर आमचं मत असं: जवळच्या कॉलेजातून कमी फीत पदवी चालू ठेवा आणि एकाच विभागाचं कौशल्य बाजूने पक्कं करा. चार वर्षांची महागडी खासगी पदवी कर्ज काढून घेण्यापेक्षा हे सोपं पडतं.

कोर्सची फी भरण्याआधी काय काय तपासावं?

इथे सगळ्यात जास्त घरं पोळतात, म्हणून थोडं सविस्तर.

गेल्या दोन बॅचमधल्या विद्यार्थ्यांचे शोरील मागा. संस्थेच्या जाहिरातीतला एकत्र कापलेला व्हिडिओ चालणार नाही, एकेका विद्यार्थ्याचा पूर्ण रील हवा. त्यातल्या पाच जणांशी स्वतः बोला. शिकवणारा स्टुडिओत काम करून आला आहे का, आणि कोणत्या विभागात, हे विचारा. मॉडेलिंग करणारा माणूस ॲनिमेशन शिकवत असेल तर कोर्सच्या निम्म्या वाटेवर ते जाणवतं. एका बॅचमध्ये किती मुलं, प्रत्येकाला आठवड्याला किती वेळ काम तपासून मिळतं, लॅब शनिवार-रविवारी उघडी असते का, हेही विचारून घ्या. सॉफ्टवेअर शिकायचे व्हिडिओ घरी फुकट मिळतात. पैसे मोजायचे ते तुमचा शॉट बघून ‘कंबर उशिरा फिरतेय’ असं सांगणाऱ्या माणसासाठी.

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असं तोंडी सांगतात. ते फीच्या करारात कोणत्या शब्दांत आहे ते वाचा. पुष्कळदा तिथे ‘नोकरीसाठी साहाय्य’ एवढंच असतं.

हप्त्यांची सोय म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. कंपनी सगळी रक्कम संस्थेला एकदम देते आणि हप्ते तुमच्या किंवा बाबांच्या खात्यातून जातात. दोन महिन्यांनी कोर्स सोडला, किंवा शाखाच बंद झाली, तरी ईएमआय चालूच राहतो आणि थकला की सिबिल स्कोअर बिघडतो. म्हणून ॲप्लिकेशनवर ओटीपी देण्याआधी कर्जदार कोण, व्याज किती, कोर्स रद्द झाल्यास पैसे कोण परत करणार, हे कागदावर घ्या. जमत असेल तर सेमिस्टरगणिक थेट संस्थेला फी भरा, प्रत्येक वेळी जीएसटी क्रमांक असलेली पावती घ्या.

पदवी ‘विद्यापीठाची’ असं सांगितलं तर कोणत्या विद्यापीठाची, आणि त्या विद्यापीठाला मुंबईत ही पदवी चालवायची परवानगी आहे का, हे यूजीसीच्या संकेतस्थळावर बघा. मूळ गुणपत्रिका जमा करू नका, झेरॉक्स पुरते. यूजीसीच्या कक्षेतल्या संस्थांना मूळ कागद अडकवून ठेवता येत नाहीत आणि फी परतीचे नियमही ठरलेले आहेत. खासगी प्रशिक्षण केंद्रांना ते नियम लागत नाहीत. तिथे तक्रार ग्राहक आयोगाकडे करायची, आणि सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर.

कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

टू-डी आणि चित्रांसाठी १६ जीबी रॅम आणि साधं ग्राफिक्स कार्ड चालतं. थ्री-डीसाठी आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, निदान ८ जीबी मेमरीचं एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड आणि १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी असा सेट दोन-तीन वर्षं पुरतो. पैसे कमी असतील तर प्रोसेसर आणि मदरबोर्ड चांगले घ्या, रॅमची एकच कांडी लावा आणि दुसरी जागा मोकळी ठेवा. रॅम नंतर वाढवता येते.

लॅपटॉप की डेस्कटॉप? घर लहान आणि कॉलेज लांब असेल तर लॅपटॉपकडे मन जातं. पण त्याच नावाचं ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये कमी ताकदीचं असतं आणि रेंडर करताना, म्हणजे कॉम्प्युटर शेवटची चित्रं तयार करत असताना, तापलं की वेग आणखी कमी होतो. लॅपटॉपच घेतलात तर तो गादीवर किंवा उशीवर ठेवून रेंडर लावू नका, खालून हवा घेणाऱ्या जाळ्या बंद होतात.

ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन असेम्बल करून मिळतं. निदान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि ग्राफिक्स कार्डचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. पक्क्या बिलाशिवाय हजार-दोन हजार वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी ते अंगाशी येतं. पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा घ्या. स्वस्त पॉवर सप्लाय जळताना पुष्कळदा बाकीचे भाग सोबत नेतो.

पेन टॅब्लेट लहान, स्क्रीन नसलेला घेतला तरी चालतो. वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन यांचे सुरुवातीचे मॉडेल साधारण तीन ते पाच हजारांत येतात. पहिले दोन आठवडे हात आणि नजर जुळत नाही, सगळ्यांचंच तसं होतं.

कोणतं सॉफ्टवेअर आधी शिकावं? विकत घ्यावं लागतं का?

सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही. ब्लेंडर पूर्ण मोफत आहे, त्यात थ्री-डी आणि टू-डी दोन्ही होतं. टू-डीसाठी क्रिटा आणि ओपनटून्झ मोफत आहेत, एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर आहे. थ्री-डीची माया विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर विनामूल्य मिळते, एफएक्सच्या हुडिनीची अप्रेंटिस आणि कॉम्पोझिटिंगच्या न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्तीही. या परवान्यांवर पैसे घेऊन काम करता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. त्यातून येणारा व्हायरस महिन्याभराच्या फाइल कुलूपबंद करतो आणि शोरील द्यायच्या आठवड्यातच हे होतं असं समजून चाला.

फाइलचं नाव ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’, ‘खरंच फायनल’ असं ठेवायची सवय आजच मोडा. शॉटचं नाव, विभाग, आणि व्ही००१, व्ही००२ असा क्रमांक. स्टुडिओत हीच पद्धत आहे.

घरी सराव कशापासून सुरू करू?

उसळणाऱ्या चेंडूपासून. हा सराव लहान मुलांचा वाटतो आणि बहुतेक जण तो एका संध्याकाळी उरकतात. तो तीन आठवडे करा.

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम दाखवलं तर त्याला ‘ऑन टूज’ म्हणतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. आता चेंडू साधारण सव्वा मीटर उंचीवरून सोडला तर जमिनीवर यायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे १२ फ्रेम, ऑन टूजवर ६ टप्पे. हे टप्पे सारख्या अंतरावर नसतात. गुरुत्वाकर्षणामुळे अंतर १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात वाढत जातं. सव्वा मीटरचे सेंटिमीटर काढले तर पहिल्या टप्प्यात साडेतीन, मग १०, १७, २४, ३१ आणि शेवटच्यात ३८ च्या आसपास. कागदावर ही पट्टी आखून भिंतीला चिकटवा. वर चेंडू दाटीने, खाली विरळ. फ्रेमची संख्या म्हणजे टायमिंग, आणि त्या फ्रेममधलं अंतर म्हणजे स्पेसिंग. हे दोन शब्द स्टुडिओत दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतात.

चूक कुठे होते? सॉफ्टवेअरमध्ये वरची आणि खालची अशा दोन की (त्या फ्रेमवर पक्की केलेली जागा) लावल्या की मधली हालचाल ते स्वतः भरतं, आणि दोन्ही टोकांना वेग हळू करतं. वर ते बरोबर असतं. जमिनीजवळ मात्र चेंडू पाण्यात बुडाल्यासारखा संथ उतरतो. ग्राफ एडिटर उघडा: जमिनीच्या कीवर वक्र वाटीसारखा गोल दिसेल. तिथे तो इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा टोकदार हवा. ब्लेंडरमध्ये ती की निवडून व्ही बटण दाबा आणि हँडल ‘फ्री’ करून दोन्ही बाजू वर ओढा. एवढ्यावर चेंडूला वजन येतं.

पुढच्या उड्या लहान होत जातात, तसा वेळही कमी होतो, पण त्याच प्रमाणात नाही. उंची ६४ टक्के झाली तर वेळ ८० टक्के होतो. पहिली पूर्ण उडी २४ फ्रेमची असेल तर पुढची १९ ची. सगळ्या उड्यांना सारखेच फ्रेम दिले की चेंडू फुग्यासारखा वाटतो. चपटा होणं फक्त जमिनीला टेकण्याच्या एका फ्रेमवर, आणि उंची कमी केली तेवढी रुंदी वाढवायची. एकाच आकाराचा रबरी चेंडू, क्रिकेटचा लेदर चेंडू आणि टेबल टेनिसचा चेंडू असे तीन करून दाखवा. रंग न बदलता बघणाऱ्याला ओळखता आले तरच पुढे जा.

वॉक सायकल दर वेळी अडखळते. का?

वॉक सायकल म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायची दोन पावलांची चाल. चोवीस फ्रेमच्या चालीत पाय टेकण्याच्या पोझ १ आणि १३ वर असतात. ४ वर शरीर सगळ्यात खाली, ७ वर एक पाय दुसऱ्याला ओलांडतो, १० वर शरीर सगळ्यात वर. मग दुसऱ्या पायाने १६, १९, २२. चक्र जुळावं म्हणून २५ वर पहिलीच पोझ कॉपी करतात. पण प्लेबॅक १ ते २४ च ठेवायचा असतो. २५ पर्यंत वाजवला तर एकच पोझ सलग दोनदा दिसते आणि तोच तो हिसका.

पाय जमिनीवर घसरत असेल तर टेकलेल्या पायाचा मागे जाण्याचा वेग तपासा, तो दर फ्रेमला सारखा हवा. आणि खांदे कमरेच्या उलट फिरतायत ना, तेही बघा.

मुंबईत निरीक्षणाचा सराव कुठे करता येईल?

लोकलच्या डब्यात. माणूस उभ्या उभ्या डुलकी घेताना मान आधी पडते, मग खांदा, आणि धक्का बसला की उलट्या क्रमाने वर येते. दादरच्या पुलावर दहा मिनिटं उभं राहा: जड पिशवी उजव्या हातात असेल तर धड डावीकडे झुकतं आणि डावा हात शरीरापासून लांब जातो. तीस सेकंदांत एक चित्र, फक्त अंगस्थिती, चेहरा काढायचा नाही. बॉलपेन वापरा म्हणजे खोडायचा मोह होत नाही.

प्राण्यांसाठी भायखळ्याची राणीची बाग, बुधवार सोडून. चौपायी प्राण्याचा पुढचा पाय कुठे वाकतो हे फोटोत कळत नाही, पाणघोडा पाण्यातून वर येताना ते नीट दिसतं. पेडर रोडवरचं राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय एकदा बघून या. फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून फिल्म युनिट १९५६ मध्ये याच शहरात सुरू झालं, डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते आणि राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर त्यातून घडले. २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. त्याच्या आसपास शहरात खेळ आणि व्याख्यानं होतात, तिथे स्टुडिओतल्या माणसांना थेट भेटता येतं.

शोरील कसा असावा?

४५ ते ९० सेकंद. सगळ्यात चांगला शॉट पहिला. बघणारा लीड, म्हणजे विभागाचा प्रमुख, पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत मत बनवतो. नाव, विभाग, फोन आणि ईमेल सुरुवातीला आणि शेवटी तीन-तीन सेकंद. १९२० बाय १०८० आकार, एच.२६४ एमपी४, २४ फ्रेम. गाणं मोठ्या आवाजात लावू नका, बहुतेक जण आवाज बंद करून बघतात.

एका रीलमध्ये एकच विभाग ठेवा. मॉडेलिंग, थोडं ॲनिमेशन, थोडा लोगो असा मिसळलेला रील पाहून कुठे घ्यायचं हेच कळत नाही. मॉडेलिंगला वायरफ्रेम (आकाराची रेषांची जाळी) दाखवा, कॉम्पोझिटिंगला थरांचा ब्रेकडाउन, ॲनिमेशनला रेंडरपेक्षा साधा प्लेब्लास्ट (रेंडर न करता थेट सॉफ्टवेअरमधून काढलेला व्हिडिओ) चालतो. एखादा शॉट कमजोर वाटतोय पण मेहनत खूप गेली, म्हणून ठेवू नका. गटाने केलेल्या कामात तुमचा भाग कोणता ते शॉटवरच लिहा. क्लासमध्ये सगळ्यांना एकच रिग, एकच संवाद दिलेला असेल तर तो शॉट स्टुडिओने शंभरदा पाहिलेला असतो. संवाद तरी स्वतःचा घ्या. मराठी संवाद घेतला तरी हरकत नाही, ओठांची हालचाल आणि भाव बरोबर असले की झालं.

पहिली नोकरी कशी मिळते, पगार किती?

व्हीएफएक्समध्ये बरेच नवे लोक रोटो, पेंट किंवा मॅचमूव्हमधून आत येतात. मुंबईत सुरुवातीचा पगार साधारण १५ ते २५ हजारांच्या दरम्यान बघायला मिळतो, चांगल्या शोरीलवर त्याहून वर. डोंबिवली किंवा विरारहून येणाऱ्याला पास, जेवण आणि स्टेशनपासूनची रिक्षा धरून हिशेब आधी करा.

आर्ट टेस्ट देतात. रोटोच्या टेस्टमध्ये माणूस पार्श्वभूमीपासून कापायचा असतो. नवखा अख्ख्या माणसाभोवती एकच आकार काढतो आणि प्रत्येक फ्रेमला बिंदू हलवतो, त्यामुळे किनार थरथरते. डोकं, धड, दंड, कोपराखालचा हात, मांडी, पोटरी असे वेगळे आकार करा, बिंदू कमीत कमी ठेवा. की लावायच्या त्या हालचालीच्या टोकांवर, मग मधल्या फ्रेमवर, मग त्यांच्या मध्ये. हात धूसर झाला असेल तर मोशन ब्लर जुळवा, धूसर किनारीच्या बाहेरून आकार नेऊ नका.

टेस्टसाठी किंवा ‘ट्रेनिंग’साठी उमेदवाराकडून पैसे मागितले तर जाऊ नका. बॉण्डवर (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) सही करण्याआधी मुदत आणि मध्येच सोडल्यास द्यायची रक्कम वाचा, आणि कागद एक दिवस घरी आणून जाणकाराला दाखवा.

रोटोत अडकून पडायची भीती वाटते. आणि एआयचं काय?

भीती रास्त आहे. एकसुरी रोटो, वायर काढणं, साधं क्लीनअप ही कामं झपाट्याने स्वयंचलित होत आहेत. म्हणून रोटोत शिरलात तर पहिल्या दिवसापासून बाहेर पडायची तयारी ठेवा. रोज तासभर न्यूक शिका, वर्षभरात दोन-तीन कॉम्पोझिटिंगचे शॉट स्वतःचे तयार करा आणि तुमच्या लीडला ते दाखवा. एआयची साधनं शिकून घ्या. फक्त शोरीलमध्ये कुठे वापरली ते लपवू नका, आणि स्टुडिओचं फुटेज बाहेरच्या साइटवर कधीही चढवू नका, तो गोपनीयतेच्या कराराचा भंग होतो. प्रदर्शित न झालेल्या कामाचा शॉट रीलमध्ये टाकणं हाही भंगच.

या क्षेत्रात नोकरी टिकते का? पालक म्हणून काळजी वाटते.

काम प्रकल्पांवर चालतं, त्यामुळे चढउतार मोठे असतात. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि कलाकार संपावर गेले, तिथलं चित्रीकरण थांबलं आणि काही महिन्यांनी इथल्या व्हीएफएक्स स्टुडिओंकडे येणारं काम आटलं. २०२५ च्या सुरुवातीला टेक्निकलर हा आंतरराष्ट्रीय समूह कोसळला तेव्हा भारतातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक होईपर्यंत मोठं कर्ज काढू नका, आणि शोरील दर सहा महिन्यांनी ताजा करा, नोकरी असतानासुद्धा.

परदेशी प्रकल्पांवर रात्रपाळी येते, डेडलाइनच्या आठवड्यात शेवटची लोकल चुकते. मुलाखतीतच विचारा: रात्री घरी सोडायला गाडी आहे का, जादा तासांचे पैसे मिळतात की बदली सुट्टी. असं विचारल्याने निवड हुकत नाही.

मनगट आणि डोळे जपा. टॅब्लेट कोपराच्या उंचीवर ठेवा, रेषा मनगटातून न ओढता खांद्यातून ओढा, दर पाऊण तासाने उठा. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर ‘डेडलाइननंतर बघू’ म्हणू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

मराठी माध्यमातून आलोय. इंग्रजीमुळे अडेल का?

सॉफ्टवेअर इंग्रजीत आहे, पण शब्द मोजके आहेत आणि महिन्याभरात सरावाचे होतात. अडतं ते डेलीजमध्ये, जिथे सुपरवायझर शॉट बघून सूचना देतो. सूचना ऐकताना लिहून घ्या, लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवा, फ्रेम क्रमांक विचारा. ‘येस सर’ म्हणून न समजता जागेवर येऊन बसलं की दुसऱ्या दिवशी तोच शॉट परत येतो.

फ्रीलान्स काम घेताना पैसे कसे ठरवावेत?

शॉटचे सेकंद, लागणारे दिवस आणि करेक्शनच्या फेऱ्या यावर. ईमेलमध्ये लिहा: किती सेकंद, कोणता आकार, दोन फेऱ्या समाविष्ट, तिसरीपासून प्रति फेरी अमुक रक्कम, सोर्स फाइल द्यायची की नाही. सुरू करण्याआधी ३० ते ५० टक्के आगाऊ घ्या. स्टोरीबोर्ड किंवा ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेत जुळवून केलेला व्हिडिओ) मंजूर झाल्याचं लेखी आल्याशिवाय पुढचं काम करू नका, कारण ‘गोष्टच बदलू या’ हे रेंडर झाल्यावर ऐकावं लागतं. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत वॉटरमार्क असलेला व्हिडिओ पाठवा.

कंपनी पैसे देताना टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का हे प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर बघा आणि उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरून परत मागा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. प्रत्येक बिलावर क्रमांक, तारीख, पॅन, बँक खातं आणि पैसे किती दिवसांत द्यायचे ते लिहा.